माळ्यावरचा रंगीत कागद

जुनें तें सोनें ही म्हण आपण तोंडानें सरसकट म्हणतों. परंतु आपल्या कोठीघराचा आणि औषधाच्या कपाटाचा अनुभव निराळा आहे. तांदूळ जुना चांगला, गूळहि पथ्याला जुनाच मागतात. पीठ मात्र जुनें झालें कीं कडू होतें. पनवेलकरांस तर हा भेद नव्यानें सांगावयास नको. कारण धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ सालीं याच गांवांत निघाला. आसवें व अरिष्टें मुरतील तितकीं गुणकारी, पण चूर्ण मात्र दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होतें, असें शार्ङ्गधरसंहितेंत सांगितलें आहे. तेव्हां एखादी जुनी वस्तु हातीं आली म्हणजे ती ठेवावी कीं टाकावी हें ठरविण्यापूर्वीं ती आसवाच्या जातीची कीं चूर्णाच्या जातीची, एवढें पाहावें.

या महिन्यांत आम्हांस ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें आहे, ती निःसंशय चूर्णाच्या जातीची आहे. ती म्हणजे रंगीत छायाचित्रें छापण्याचा कागद. फिल्मच्या दिवसांत कांहीं घरांतून एखादा तरी छायाचित्रणाचा हौशी असे. मोरीच्या खिडकीला काळा पडदा लावून रात्रीं तो आपल्या हातानें चित्रें छापी. पुढें फिल्मवांचून चालणारे कॅमेरे आले, पडदा उतरला, मोरी पुन्हा स्नानाच्या उपयोगास आली. कागदाचे डबे मात्र जेथें होते तेथेंच राहिले. अशा घरांपैकीं आमचें एक आहे.

आमचें पनवेलचें जुनें घर पुनर्बांधणीसाठीं रिकामें करावयाचें ठरल्यामुळें सध्यां माळा उतरविण्याचें काम चालू आहे. त्यांत धाकट्या काकांनीं ठेवलेले रंगीत कागदाचे दोन डबे निघाले. आठ इंच रुंद व दहा इंच लांब असे शंभर शंभर ताव, एकाचेंहि वेष्टन फोडलेलें नाहीं. त्याच खरेदींतला तिसरा डबा तळमजल्यावर, जाड दगडी भिंतींतील फडताळांत, पोथ्यांच्या मागें सांपडला. तिन्ही डब्यांची पावती एकच, १९९८ सालची. डब्यांवरील घाण्याचा आंकडाहि एकच. माळ्यावरचे दोन डबे पत्र्याखालीं एका ट्रंकेंत होते, आणि त्याच ट्रंकेंत घरांतील साऱ्या रंगीत निगेटिव्ह होत्या.

मोठ्या काकूंचें म्हणणें, इतक्या वर्षांचा कागद तो, रद्दीवालाहि घेणार नाहीं, फेंकून द्या. रसायनशास्त्र शिकणाऱ्या पुतण्याचें म्हणणें, हल्लीं असे सुटे ताव सहजीं मिळत नाहींत, वापरून पाहूं. धाकटे काका एवढेंच म्हणाले कीं, "मुंजीच्या निगेटिव्हची मोठी प्रत काढावी म्हणून तो आणला होता." ही मुंज १९८६ सालची. मातृभोजनाच्या वेळीं हिरवें नऊवारी नेसून कौतुकानें पाहात बसलेली आजी त्या निगेटिव्हमध्यें आहे. पुढच्याच वर्षीं ती गेली. तिचें रंगीत चित्र असें तेवढें एकच. म्हणून कागद चालतो कीं नाहीं हा प्रश्न आमच्या घरीं नुसत्या काटकसरीचा राहिला नाहीं.

प्रथम हा कागद कसा असतो तें पाहूं. प्लॅस्टिकच्या पातळ लेपानें मढविलेल्या तावावर जिलेटिनचे तीन मुख्य थर दिलेले असतात, आणि प्रत्येकांत चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. एक थर निळ्या प्रकाशानें जागा होतो व त्यांत पिवळा रंग उमटतो. दुसरा हिरव्या प्रकाशानें जागा होऊन किरमिजी रंग देतो. तिसरा तांबड्या प्रकाशानें जागा होऊन मोरपंखी निळा देतो. या तिहींच्या कमीअधिक मिश्रणांतून हळदीपासून जांभळापर्यंत सर्व छटा निघतात. जुन्या मासिकांतील 'तिरंगी चित्रें' ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ही युक्ति ओळखीची वाटेल. तीन रंगांच्या प्रकाशांतून पूर्ण रंगीत चित्र उभें करतां येतें हें मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६१ सालीं दाखविलें. आपल्याकडे दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वीं याच विद्येच्या मागें होते. बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यास त्यांनीं १९०८ च्या सुमारास ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला, आणि त्रिरंगी छपाईसाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. त्यांच्या छापखान्यांत जें काम तीन ठसे करीत, तें रंगीत कागदांत तीन थर करतात.

प्रकाश लागलेला कागद डेव्हलपरमध्यें बुडविला म्हणजे जाग्या झालेल्या स्फटिकांची चांदी होते. ती होतां होतां डेव्हलपरचा जो अंश पालटतो, तो थरांतील दुसऱ्या एका द्रव्याशीं संयोग पावून रंग तयार करतो. नंतर ब्लीच-फिक्स नांवाच्या द्रवांत सगळी चांदी निघून जाते आणि मागें केवळ रंग राहतो. पणजोबांच्या वेळच्या काळ्यापांढऱ्या चित्रांत प्रत्यक्ष चांदी असते. रंगीत चित्रांत ती नसते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां उष्णतेचा प्रताप ऐका. स्फटिक जागा व्हावयास चांदीच्या मोजक्या अणूंचा एक पुंजका पुरतो. हा पुंजका प्रकाशानेंच झाला पाहिजे असें नाहीं. वर्षानुवर्षें ऊब लागत राहिली तर तो अंधारांतहि आपोआप होतो. असा स्फटिक प्रकाश न लागतांच डेव्हलपरमध्यें रंग देतो, आणि जेथें पांढरें शुभ्र राहावयाचें तेथें मळकट छटा येते. या दोषास छायाचित्रकार 'फॉग', म्हणजे धुकें, म्हणतात. शिवाय स्फटिकांना निरनिराळ्या रंगांची जाणीव देणारीं द्रव्यें उष्णतेनें क्षीण होतात, म्हणून कागद मंद होतो. दमटपणानें जिलेटिन फुगतें, ताव एकमेकांस चिकटतात, बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या, ताजा रंग, वार्निश यांच्या वाफाहि बाधतात. म्हणूनच असा कागद फार दिवस ठेवावयाचा झाल्यास १३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड जागीं ठेवावा असें कारखानदार सांगतात. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांस सुमारें दुप्पट होतो, असा एक ठोकळ हिशेब आहे. पनवेलास चैत्र-वैशाखांत पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो, आणि पुढें चार महिने शंभर इंचांहून अधिक पावसाचा ओलावा. अशा ठिकाणीं इतकीं वर्षें काढलेल्या कागदाकडून नव्याची अपेक्षा करणें व्यर्थ होय. परंतु त्यांत काय उरलें आहे हें अंदाजानें ठरविण्याचें कारण नाहीं. एका संध्याकाळींच तें कळतें.

परीक्षेची रीति अशी. खोलींत पूर्ण काळोख करावा. काळ्यापांढऱ्या कागदास चालणारा तांबडा दिवा येथें चालत नाहीं, कारण हा कागद तांबडा प्रकाशहि ओळखतो. हातांतील चमकणारें घड्याळ व खिशांतील मोबाईल बाहेर ठेवावा. डब्याच्या मधला एक ताव काढून त्याचे तीन तुकडे करावे. पहिला तुकडा डेव्हलपर न दाखवितां सरळ ब्लीच-फिक्समध्यें टाकावा. दुसरा प्रकाश न दाखवितां आधीं डेव्हलपरमध्यें व मग ब्लीच-फिक्समध्यें टाकावा. दोन्ही धुवून, वाळवून, दिवसाउजेडीं शेजारीं शेजारीं ठेवावे. पहिला म्हणजे कागदाचा मूळचा पांढरेपणा. दुसऱ्यांत त्याहून जें अधिक दिसेल तें धुकें. त्याची छटा पिवळी असेल तर निळ्या प्रकाशाचा थर बिघडला, किरमिजी असेल तर हिरव्याचा, मोरपंखी असेल तर तांबड्याचा. तिसऱ्या तुकड्यावर एखाद्या अलीकडच्या, खात्रीच्या निगेटिव्हचें चित्र पायरीपायरीनें वाढत्या वेळाचा प्रकाश देऊन छापावें. म्हणजे कागद किती मंद झाला आणि काळा रंग काळा येतो कीं नाहीं हें दिसतें. डेव्हलपरचा ठराविक हिशेब ३५ अंशांवर ४५ सेकंदांचा आहे. घरीं तबकांत काम करणारे हौशी लोक खोलीच्या उष्णतेवर सुमारें दोन मिनिटें ठेवतात. मात्र एकदां धरलेला वेळ दुसऱ्या व तिसऱ्या तुकड्यांस सारखा ठेवावा, नाहींतर तुलनेस अर्थ राहात नाहीं.

आमच्या घरीं ही परीक्षा माळ्यावरच्या एका डब्याची आणि फडताळांतील डब्याची अशी एकाच रात्रीं केली. माळ्यावरच्या कागदाचा दुसरा तुकडा पातळ केलेल्या तुपाच्या रंगाचा निघाला. फडताळांतल्याचा जवळजवळ पांढरा होता. पहिल्याशीं ताडून पाहिल्यावांचून फरक कळेना. तिसऱ्या तुकड्यावर माळ्यावरच्या कागदानें दुप्पट प्रकाश मागितला. एवढें देऊनहि पांढरा सदरा पिवळसर आणि काळे केस निळसर आले. याचें कारण उघड आहे. पिवळा रंग देणारा थर बिघडला म्हणजे नको तेथें तो थोडा पिवळा देतो, आणि हवा तेथें पुरेसा देत नाहीं. साऱ्या चित्रावर एकच झांक असेल तर ती एन्लार्जरमधील पिवळ्या व किरमिजी गाळण्या कमीअधिक करून काढतां येते. येथें मात्र इकडे आड तिकडे विहीर असा प्रकार होतो. सदऱ्याचा पिवळेपणा काढावा तर केस अधिकच निळे होतात. हा दोष कोणत्याहि गाळणीनें जात नाहीं. डेव्हलपरमध्यें ब्रोमाइड किंवा बेंझोट्रायाझोल अल्प प्रमाणांत घातल्यास धुकें कांहीं अंशीं दबतें. पण कागद त्यानें आणखी मंद होतो आणि तिन्ही थरांवर परिणाम सारखा होत नाहीं.

एक घाणा, एक वय, एक पावती. फरक काय तो जागेचा. दोन्ही ठिकाणीं शीतपेटी नव्हती. तरीहि जाड भिंतींतील फडताळानें कागद राखला आणि पत्र्याखालच्या माळ्यानें तो खाल्ला. ज्या घरांत शीतपेटींत दूध, ताक व कोथिंबिरीलाच जागा अपुरी पडते, त्या घरांस ही गोष्ट उपयोगाची आहे. तळमजला, आंतली भिंत, जमिनीपासून हातभर उंच, चुलीपासून व पश्चिमेच्या उन्हापासून दूर, आणि हवाबंद वेष्टन, एवढें साधलें तरी पुष्कळ साधतें. शीतपेटींत ठेवावयाचेंच असेल तर वेष्टन घट्ट असावें. बाहेर काढल्यावर निदान चार तास, शक्य तर रात्रभर, तें उघडूं नये. एरवीं माठाला पाझर यावा तसें पाणी आंत तावावर धरतें.

यानंतर अर्थातच आजीच्या निगेटिव्हकडे लक्ष गेलें. पुतण्यानें तिची पहिली प्रत माळ्यावरच्या कागदावर काढली, तींत हिरव्या नऊवारीचा रंग ओळखेना. मोठ्या काकू म्हणाल्या, "कागदच वाईट, त्याला कोण काय करणार!" पण तीच ट्रंक, तोच पत्रा आणि निगेटिव्हचें वय तर कागदाहून बारा वर्षांनीं अधिक. मग दोष कागदाचा कीं निगेटिव्हचा? दोघेहि संशयित असतांना एकाच्या साक्षीवरून दुसऱ्याचा न्याय करतां येत नाहीं. म्हणून उलटसुलट परीक्षा करावी: नवी निगेटिव्ह जुन्या कागदावर आणि जुनी निगेटिव्ह नव्या कागदावर. पहिली गोष्ट आधींच झाली होती. दुसरीसाठीं मुंबईहून नवा कागद आणविला. हा कागद अजून तयार होतो. पण बहुधा मोठ्या गुंडाळ्यांच्या रूपानें मिळतो आणि हव्या त्या मापाचे ताव काळोखांत कापून घ्यावे लागतात.

नव्या कागदावर आजी पुष्कळ स्पष्ट आली. नऊवारी हिरवी दिसली, कपाळावरचें कुंकू दिसलें. परंतु पदराच्या सावल्यांत एक तांबूस झांक राहिली, ती गाळण्यांनीं गेली नाहीं. म्हणजे कागदाचा दोष मोठा खरा, पण निगेटिव्हहि निर्दोष उरली नव्हती. वर जें ध्यानांत ठेवावयास सांगितलें तें येथें उपयोगी पडतें. रंगीत निगेटिव्हमध्यें चांदी नसते, नुसता रंग असतो. आणि हा रंग प्रकाश न लागतां, ट्रंकेच्या अंधारांतहि, उष्णतेनें हळूहळू उडतो. तिन्ही रंग सारख्या वेगानें उडत नाहींत, म्हणून झांक येते. १९७० व १९८० च्या दशकांतील लग्नामुंजींचीं चित्रें तांबडीं-पिवळीं पडलेलीं पुष्कळ घरांत आढळतात, आणि त्याच घरांत पणजोबांचें काळेंपांढरें चित्र अजून टवटवीत असतें, याचें कारण हेंच. हेन्री विल्हेल्म या अमेरिकन संशोधकानें कॅरोल ब्राउअर यांच्या साह्यानें १९९३ सालीं रंगीत चित्रांच्या टिकाऊपणावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. थंड व कोरड्या जागेचें महत्त्व त्यांत विस्तारानें मांडलें आहे. पुण्यास १९६४ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था फिल्म जपण्यासाठीं थंड कोठारें बाळगतात, तीं याच कारणासाठीं.

आमच्या मतें या साऱ्या खटाटोपाचें सार एवढेंच आहे. जुना कागद कामाचा कीं निकामी, हा त्यांतला लहान प्रश्न आहे. माळ्यावर किती ऊन मुरलें याची साक्ष तो कागद देतो, आणि ती साक्ष ट्रंकेंतील शेजाऱ्यांनाहि लागू पडते. कागद गेला तर पैसे टाकून दुसरा आणतां येईल. निगेटिव्ह मात्र पुन्हा काढतां येत नाहीं. तींतलीं कांहीं माणसेंहि आतां नाहींत.

मग माळ्यावरचा कागद फेंकावा काय? तसेंहि नाहीं. चूर्ण हीनवीर्य झालें तरी दंतमंजनास चालतें, त्याप्रमाणें त्याच्या बळाप्रमाणें त्याला काम द्यावें. शिकाऊ मुलांस वेळेचा व गाळण्यांचा हात बसविण्यास तो उत्तम. नेच्याचें पान, आंब्याचा मोहोर, विणलेला रुमाल थेट कागदावर मांडून वरून क्षणभर प्रकाश द्यावा. वस्तूची आकृति उजळ राहते व भोंवतीं गडद रंग येतो. आकृति थोडी तुपाळ आली तर शोभतेच. किंवा कागदावर पानें ठेवून, कांच दाबून, तो उन्हांत कांहीं तास ठेवावा. डेव्हलपरवांचूनच विटकरी, गुलाबी, जांभळट छटा उमटतात. नंतर हायपोच्या पाण्यांत ठेवून धुतल्यास त्या थोड्या फिकट होऊन टिकतात. बिस्किटांच्या डब्याला सुईनें छिद्र पाडून केलेल्या कॅमेऱ्यांतहि असे ताव चालतात. कडेचा भाग मधल्यापेक्षां अधिक बिघडलेला असेल तर इंचभर कापून टाकावा. घरांत सुट्टींत चार मुलें जमतात. शंभर ताव आनंदानें संपतील. फडताळांतला कागद मात्र साध्या घरगुती प्रतींसहि योग्य आहे. पण जी प्रत नातवंडांनीं पाहावी अशी इच्छा असेल ती त्यावरहि काढूं नये. तिला नवाच कागद घ्यावा.

गृहिणींसाठीं दोन शब्द. रंगीत डेव्हलपरनें कांहीं जणांच्या कातडीस खाज सुटते व चट्टे येतात. म्हणून रबरी हातमोजे घालावे. तबकें, मापें व चमचे निराळे ठेवावे. ते पुन्हा स्वयंपाकघरांत येऊं देऊं नयेत. खोलींत वारा खेळता असावा. वापरलेल्या ब्लीच-फिक्समध्यें चांदीचे क्षार उतरलेले असतात. तो द्रव आडांत, तळ्यांत अथवा तुळशीवृंदावनाशीं ओतूं नये. बाटल्यांत सांठवून, चांदी काढून घेणारा कोणी असल्यास त्याच्या स्वाधीन करावा. लहान मुलांस या कामांत घ्यावें, पण बाटल्यांच्या किल्ल्या मोठ्यांपाशीं असाव्या.

आमच्या घरीं ठरलें तें असें. निगेटिव्ह प्रथम खालीं आणल्या, मऊ कुंच्यानें झाडल्या, प्लॅस्टिकच्या जुन्या चिकट पिशव्यांतून काढून चांगल्या कागदी पाकिटांत घातल्या. प्रत्येक पाकिटावर साल, प्रसंग व माणसांचीं नांवें धाकट्या काकांनीं व मोठ्या काकूंनीं मिळून लिहिलीं. कारण तीं सांगूं शकणारीं तीं दोघेंच उरलीं आहेत. मग पुतण्यानें साऱ्यांच्या संगणकावर प्रती उतरवून घेतल्या. तेथें प्रत्येक रंग निराळा हाताळतां येत असल्यामुळें पदराची तांबूस झांकहि बरीच काढतां आली. मूळ निगेटिव्ह हवाबंद डब्यांत शोषक पुड्यांसह फडताळांत ठेवल्या असून नव्या घरांत त्यांची जागा शीतपेटीच्या एका कप्प्यांत धरली आहे. मोठ्या काकूंनीं हा कप्पा आपण होऊन दिला.

ज्यांच्या घरीं असे डबे किंवा ट्रंका असतील त्यांनीं क्रम उलटा करूं नये. दिवाळीची झाडलोट निघाली म्हणजे आधीं निगेटिव्ह उतरवाव्या, त्यांवर नांवें घालावीं, त्यांच्या प्रती करून घ्याव्या, आणि घरांतील सर्वांत थंड व कोरडी जागा त्यांस द्यावी. कागदाची परीक्षा त्यानंतरच्या एखाद्या मोकळ्या संध्याकाळीं केली तरी चालेल.